धम्मशीलाचा लाइव्ह आवाज

५ जानेवारी, पूर्णा
रेल्वेतून रिटायर. संकल्प: रोज डायरी. आजपासून फुलटाइम मॅनेजर, बायकोचा. धम्मशीला तीस वर्षं भीमगीतं गाते. आज गाताना आवाजात जरा खरखर. थंडी असणार.

१९ जानेवारी
संकल्पात बदल: महत्त्वाचं तेवढंच लिहायचं.
खरखर आहेच. लेक अपेक्षा म्हणायली, पप्पा, डॉक्टरला दाखवा. तिला समजावलं, प्रश्न टेक्निकल आहे.

८ फेब्रुवारी
प्रश्न सुटला! लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर टाकलं, त्याला धम्मशीलाची जुनी रेकॉर्डिंग ऐकवली. आता ती माइकवर घोगरं गायली तरी स्पीकरमधून त्याच क्षणी दहा वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज! मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "ही मी न्हाई." होईल सवय.

२ मार्च, झरी
कार्यक्रम हिट. फोनवर लाइव्ह बघणारे अकराशे. कमेंट: ताई, तुमचं वय थांबलं का?
पुढं बसलेली म्हातारी कस्तुराबाई गाणं चालू असताना स्टेजवर चढली, धम्मशीलाच्या तोंडापाशी कान नेला. मग माझ्याकडं येऊन म्हणाली, "हिच्या नरड्यातून तर काईच येईना रे. गाणं कोण म्हणायलंय?"
जुन्या लोकांना टेक्नॉलॉजी कळत नाही.

२३ मार्च
धम्मशीला भाकर दुधात कुस्करून खायली. गिळताना डोळे मिटते. वजन उतरलं, स्टेजवर छान दिसते.
अपेक्षानं परस्पर डॉक्टरकडं नंबर लावला. मी कॅन्सल केला. जयंतीचे अकरा कार्यक्रम घेतलेत! जयंती झाली की पहिलं काम तेच. नक्की.

५ एप्रिल
सॉफ्टवेअर लय भारी. नुसती कुजबुजली तरी आवाज भरून येतो. घरातही ती आता कुजबुजतेच. म्हटलं, घरात पण माइक लावू का? हसली नाही.

१४ एप्रिल, गंगाखेड
चौक भरलेला. तिसऱ्या गाण्यात लॅपटॉप हँग. माइक चालूच. स्पीकरमधून नुसता श्वास, लाकूड घासल्यासारखा. ती थांबली नाही, तोंड उघडून गातच होती. मग मागून एका बाईनं ते गाणं उचललं, मग सगळ्या चौकानं. धम्मशीला उभी राहून ऐकत होती.
मी वायरी हलवत होतो.

१७ एप्रिल, नांदेड
डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली. विचारलं, आवाज असा कधीपासून?
मी म्हणालो, तीन दिवस झाले. लॅपटॉप बिघडला तेव्हापासून.
धम्मशीलानं चार बोटं वर केली.
डॉक्टरांनी विचारलं, महिने? तिनं मान डोलावली. त्यांनी तेच लिहून घेतलं. मग अपेक्षाला आत बोलावलं. मला म्हणाले, तुमी बाहेर बसा.