काळुरामची बोटे आणि खोडलेल्या चार ओळी

मी, दामाजी गणू भोईर, वय ५६, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. राग माझा स्वतःचा आहे, त्याला दाखला लागत नाही.

१. राहते घर व पोस्टातील ठेव पत्नी चंद्रभागा हिची. तिला बाहेर काढू पाहणाऱ्या पुतण्याने माझ्या दहाव्यालाही येऊ नये.

२. संगणक व पुस्तके मुलगी शीला हिची. भंगारवाल्याला घातलीत तर याद राखा.

३. लोखंडी पेटीतला प्रोग्रामचा छापील कागद. मी नोकरीला होतो त्या कारखान्याचा जुना प्रोग्राम प्रत्येक यंत्राला विचारत फिरे, "झालं का?" टाकीवरचा नवा तापमापक मात्र आपल्या सवडीने उत्तर देई. दोघांची गाठ मी घालून दिली. "अजून नाही" सांगायचे, पण विचारणाऱ्याचे नाव टिपून ठेवायचे आणि उत्तर आले की त्याला उठवायचे. तोवर तो खुशाल झोपला तरी चालेल. माझ्या बापाच्या मिठागरात उघडीवरचा, म्हणजे खाडीचे पाणी आत घ्यायच्या दारावरचा, माणूस हेच करी. भरती विचारून गेलेल्याला तो पाणी चढताच हाक मारी.

माझ्या हाताखालच्या श्रीपादने नाव टिपणाऱ्या चार ओळी फालतू म्हणून खोडल्या. चाचणीत काही बिघडले नाही, कारण तिथे प्रोग्राम पुन्हा पुन्हा विचारतच होता. प्रत्यक्ष कामात मात्र तो एकदा विचारून झोपे. १२ मार्च १९९६ रोजी टाकी तापली. तापमापकाने सांगितले, पण उठवायचे कोणाला याची नोंदच नव्हती. धोक्याचा भोंगा वाजला नाही. टाकीवरचा कामगार काळुराम याने नेहमीसारखे झाकण उघडले आणि त्याच्या उजव्या हाताची बोटे गेली.

चौकशीत कामगाराचा निष्काळजीपणा ठरला. काळुरामला घरी बसवले, श्रीपादला बढती दिली. त्या अहवालावर माझीही सही आहे. श्रीपादची चीड येते, स्वतःची त्याहून जास्त. सगळे ठाऊक असून मी नोकरीला घाबरलो.

४. तो कागद, खोडलेल्या ओळींशेजारच्या श्रीपादच्या सहीसकट, आणि माझा लेखी कबुलीजबाब काळुरामला द्यावा. तो तीनदा माझ्या दारी आला. "सायब, माज्या नावाचा काय झाला का?" तिन्ही वेळा मी "अजून नाही" म्हणालो आणि दार लावून घेतले.

त्याच्या चौथ्या खेपेची वाट पाहू नये. माझ्या दहाव्याच्या आत शीलाने आंबिवलीला जाऊन, त्याच्या दारात उभे राहून त्याला हाक मारावी.

सही : दामाजी गणू भोईर
साक्षीदार : १. आनंदा केणी, २. तानाजी म्हात्रे, दोघेही शेजारी. सही आमच्यासमोर झाली
डोंबिवली, ३ नोव्हेंबर १९९८