शिवणीतली माया

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, सैन्याच्या पुरवठा विभागातली शिपाई, शिंप्याची थोरली मुलगी आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. सोमवारी आमची तुकडी डोंगरातल्या चौकीवर निघते, आणि निघण्याआधी प्रत्येकाने मृत्युपत्र करून द्यायचा नियम आहे. मी रागात आहे, हे मान्य. पण रागात असणं म्हणजे शुद्ध हरपणं नव्हे.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावी, लोकांच्या अडचणींवर नाही.

२. पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवरच राहू द्यावं. आईने मात्र पाहुण्यांना ते दाखवून "आमची साहेबीण" म्हणणं थांबवावं. साहेब कसे असतात ते कलम तीनमध्ये लिहिलं आहे.

३. माझ्या पेटीत निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. नव्या गणवेशाबद्दल दोनशे चौदा शिपायांनी दिलेले अभिप्राय तिच्यात आहेत. ते गोळा करायचं काम मला वरूनच दिलं होतं. गणवेश दिसायला देखणा आहे, असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं आहे. तो घालून आरशात पाहिलं तेव्हा माझाही ऊर भरून आला होता, खोटं का बोलू? पण पुढच्या रकान्यात, "घालायला कसा?" याखाली, त्याच लोकांनी लिहिलं आहे: बगलेत काचतो. वाकलं की पाठीत उसवतो. हात खांद्याच्या वर जात नाही. माझी खोलीतली सोबतीण, जिला आम्ही उंचीमुळे शिडी म्हणतो, तिने लिहिलं, "बाई गं, ह्यात सलाम ठोकता येतो, बाकी काही नाही."

मी ही वही बाबांना दाखवली. ते तळावरच्या शिवणखान्यात बावीस वर्षं आहेत. त्यांनी गणवेश उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, ह्यात मायाच सोडलेली नाही." शिवणीच्या आत बोटभर जादा कापड ठेवतात, म्हणजे गरजेला उसवून कपडा सैल करता येतो. त्या कापडाला शिंपी माया म्हणतात. अंग सडपातळ दिसावं म्हणून इथे ती कापून टाकली होती.

मी अहवालात तेच वाक्य लिहिलं: नव्या गणवेशात माया नाही. गणवेश ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष ते मोठ्याने वाचून म्हणाले, "सैन्यात माया हवीय? मग आईजवळच राहायचं होतंस की, पोरी!" सगळे हसले. अहवालावर "भावनिक" असा शेरा पडला आणि तो कपाटात गेला. मी पदवीधर, आणि त्या खोलीत मला एका शब्दाचा अर्थ सांगता आला नाही. त्यांच्या हसण्याइतकाच माझ्या गप्प बसण्याचाही मला राग आहे.

मागच्या आठवड्यात सरावात शिडीचा हात वरच्या दोरापर्यंत पोचला नाही. ती पडली, मनगट मोडलं. कारण लिहिलं गेलं: निष्काळजीपणा. बाही बगलेत चिरली होती, ते कुणी लिहिलं नाही.

४. बाबांची जुनी कात्री मी न विचारता आणली होती. ती त्यांना परत. माफी असावी.

५. मी परतले नाही, तर माझा गणवेश घडी घालून, फुलं ठेवून घरी देऊ नये. तो बाबांकडे द्यावा. बाबांनी तो आणि निळी वही घेऊन अध्यक्षांसमोर जावं, गणवेश उलटा करावा, बगलेची शिवण दाखवावी आणि माया म्हणजे काय ते सांगावं. बाबा, साहेबांपुढे तुमची मान खाली जाते, मला माहीत आहे. टेप गळ्यातच ठेवून जा. त्या खोलीत ह्या विषयातलं तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही.

६. मी परतले, तर वरची सगळी कलमं रद्द. पाचवं सोडून. तेव्हा बाबांसोबत मीही जाईन, आणि ह्या खेपेला बोलेन.

ठिकाण : कोठीघर, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारचं टेबल
दिनांक : ९ फेब्रुवारी

सही : लिहून देणारी

साक्षीदार पहिला : मेसचा आचारी. मजकूर वाचला, पटला.

साक्षीदार दुसरी : शिडी. सही डाव्या हाताने केली आहे. उजवा प्लास्टरमध्ये आहे. कारण कलम तीनमध्ये आहे.