धूमकेतू पाहिलेल्या दुर्बिणीची व्यवस्था

मी, इनायतुल्ला खान रहमतुल्ला खान, वय ७१, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार अंजनगाव सुर्जी, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाखाली नसताना हे सांगतो आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, म्हणून लिहिणारे शेषराव आहेत, शब्द माझे.

घर व दुकान शरियतप्रमाणे मुलगा वकार आणि मुलगी शाहीन यांच्यात वाटावे. पुढची व्यवस्था शरियतने माझ्या मर्जीवर सोडलेल्या तिसऱ्या हिश्श्यातली आहे.

शालिकरामजी हॉटेलवाले यांना हयातभर चष्मा फुकट द्यावा. चष्मेवाल्याने शेपटीचा तारा बोलावला म्हणून वेचणीचा कापूस पावसात काळा पडला, असे ते चौकात बोलले होते. तरीही वकारने नंबर बरोबरच लावावा.

आता दुर्बीण. तिचा सहा इंची आरसा मी स्वतः घासला आहे. सत्त्याण्णवच्या चैत्रात हेल-बॉप धूमकेतू दिवस बुडाल्यावर मावळतीला दिसायचा. माझे मित्र नत्थुजी यांच्या वावरात मी ती लावली. त्यांच्या पत्नी कौशल्यावहिनी तेव्हा पोटुशी होत्या. मीच म्हणालो, "वहिनी, तुमीही पाहा." त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "किती गोरा हाय हा, भाऊ," म्हणाल्या.

श्रावणात मुलगा झाला. तो रडलाच नाही. नाळेचा फास बसला, असे डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेलो. "वहिनी, तो तारा कोट्यवधी मैल दूर होता."

"इतक्या दूर होता, त मले दिसला कावून?"

नत्थुजी माझ्याकडे येत राहिले, आणि त्यापायी घरी भांडण ऐकत राहिले. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यांची मोठी मुलगी आकांक्षा अमरावतीला बी.एस्सी. करते. या वैशाखात एक धूमकेतू तुकडे होत पृथ्वीजवळून चालला होता. मला दिसत नव्हते. तिने नळी फिरवली आणि सांगत गेली, "काका, एक सापडला. थांबा, दुसराही सापडला. हा आणखी फुटून राहिला वाटते." मी विचारले, "आईले सांगून आली का?" ती पुन्हा नळी फिरवू लागली.

ही दुर्बीण मी आकांक्षाला देतो.

हे ठरल्यावर नत्थुजी वहिनींना घेऊन आले. त्या दारातच उभ्या राहिल्या. "पोरीले द्या. मी नाही म्हनत नाही. पण घरात नको. ढोराच्या कोठ्यात ठेवू, तोंड भिंतीकडं करून." मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी..." त्या म्हणाल्या, "राहू द्या," आणि पायऱ्या उतरल्या.

कोठ्यातल्या ओलीने आरसा काळा पडेल, हे मला कळते. अट मान्य आहे. आई आहे तोवर आकांक्षाने ही अट मोडू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे.

डाव्या अंगठ्याचा ठसा : इनायतुल्ला खान रहमतुल्ला खान

साक्षीदार :
१. नत्थुजी रामकृष्ण येवले (सही)
२. डोमाजी पुंडलिक टापरे (सही)

लिहिणार : शेषराव गोविंद काळमेघ

अंजनगाव सुर्जी, १९ नोव्हेंबर २००६