हातभर अंतरावरून

ता. ४ जून

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून लिहायला बसले.

मी इस्पितळात फोटो काढायच्या नोकरीला लागले, हे आईने तुला कळवलं असेलच. तिला वाटतं, डॉक्टरांचे समारंभ आणि नवी यंत्रं. खरं काय ते तुला सांगते. मी शवागारात आहे. ज्यांच्याबरोबर कोणी नसतं, खिशात नावाचा कपटासुद्धा नसतो, अशांच्या चेहऱ्याचे फोटो काढायचे. हरवलेल्या माणसाला शोधत घरचे येतात, त्यांना आधी फोटो दाखवतात. ओळख पटली तरच आत नेतात.

आमचा कॅमेरा शेवटच्या घटका मोजतोय. साहेबांनी नवा डीएसएलआर घ्यायला मंजुरी दिली, लेन्स आणि बाकी सामान मी सुचवायचं आहे. दुकानदार म्हणतो, कॅमेऱ्याबरोबर येते तीच झूम लेन्स घ्या, तिच्यात सगळं येतं, वर बॅग फुकट. तू उभा जन्म स्टुडिओत माणसांचे चेहरे काढण्यात घालवलास, तेव्हा तूच सांग. खोली बोळासारखी अरुंद आहे, टेबल उंच, वर एकच पांढरी ट्यूब.

काकांचं काही कळलं का? सहा वर्षं झाली, तरी हे विचारल्याशिवाय पत्र संपवता येत नाही.

तुझ्या लोभाची हावरी,
भिंगरी

ता. ११ जून

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी थोडी रडले, मग चष्मा पुसला आणि कामाला लागले. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. ती तुला आंघोळ घातल्याशिवाय घरात घेणार नाही.

आता नीट ऐक. सगळं येतं ती लेन्स म्हणजे सगळ्यांच्या घरी जेवणारा आणि कुणाच्याच अडीनडीला न येणारा पाहुणा. ती नको. पन्नास मिलिमीटरची, झूम नसलेली साधी लेन्स घे. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल, त्यावर चेहऱ्याला ती छान बसते. आणि चेहऱ्यापासून पाच-सहा फूट दूर राहा. जवळ जाऊन रुंद कोनाच्या लेन्सने काढलंस तर नाकाचं वांगं होतं आणि कान मागे पळून जातात. उंच टेबल सोड. खाली-वर होणारं चाकांचं स्ट्रेचर मागून घे, ते जमिनीलगत कर आणि तू शिडीवर चढ. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरू नकोस, कातडी तेलकट दिसते. दोन बाजूंना दोन दिवे लाव, त्यांच्यापुढे पांढरं कापड धर. अ‍ॅपर्चर आठच्या आसपास ठेव, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळं स्पष्ट येईल. केस विंचरून घे. माझ्या स्टुडिओत मी लोकांना जरा हनुवटी वर करा असं सांगू शकत होते. तुझ्या माणसांना ते सांगता येत नाही, तेव्हा त्यांची हनुवटी तूच हळूच उचल.

नवी लेन्स आली की मी ती आधी तुझ्या काकांवर वापरून बघायची. ते कुरकुरायचे, की माझं नाक म्हणजे काय सरकारी मोजपट्टी आहे का. पण बसायचे.

त्यांचं काही कळलेलं नाही. विसरायला लागले होते तरी किल्लीची नक्कल करून आणतो म्हणून हट्टाने निघाले, ते गेलेच. त्या वेळी तुमच्याच इस्पितळात येऊन मी सगळे फोटो बघितले होते. त्यात ते नव्हते, म्हणजे कुठेतरी आहेत. त्यांच्या घड्याळाचा सेल मी वेळेवर बदलते. परत आल्यावर घड्याळ बंद दिसलं तर म्हणतील, बाईने मला मेलेलाच धरला.

जपून राहा. माझा लोभ आहे तेवढाच आहे, वाढायला आता जागा उरलेली नाही.

तुझी मावशी

ता. २९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी लेन्स आली, दिवे आले, स्ट्रेचरही आलं. दुकानदाराने मला झूम न घेणारी खुळी ठरवलं. आमचा मदतनीस शिडी धरतो आणि म्हणतो, ताई, तुम्ही पडलात तर तुमचा फोटो कोण काढणार.

पण एक झालं. मागच्या आठवड्यात एक बाई भावाला शोधत आली. नवं सामान यायच्या आधी जुन्या कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो तिने बराच वेळ पाहिला, आणि हा आमचा नाही म्हणून निघून गेली. नवी लेन्स आल्यावर मी आत असलेल्या सगळ्यांचे फोटो पुन्हा काढले. ती बाई काल परत आली. त्याच माणसाचा नवा फोटो समोर ठेवताच ती खाली बसली. तोच तिचा भाऊ होता. आधीचे फोटोग्राफर लेन्स रुंद ठेवून, हातभर अंतरावरून, वाकून काढायचे. तीच रीत मीही उचलली होती.

मावशी, हे लिहिताना माझं पेन थांबलं. तू पाहिलेस ते फोटो त्याच कॅमेऱ्याचे, त्याच हातचे होते.

त्या वर्षाची फाइल इथेच कपाटात आहे. तू सांगितल्याशिवाय मी ती उघडणार नाही. रागावू नकोस.

भिंगरी

ता. ६ जुलै

चि. भिंगरी हिस,
आशीर्वाद.

रागावले आहे. त्या फाइलला हात लावू नकोस. ज्या चेहऱ्यासमोर रोज चहा प्याले, ज्याच्यावर झाडून साऱ्या लेन्स वापरल्या, तो मला ओळखता आला नसता? त्या बाईचं ठीक आहे, तिचा तो धंदा नव्हता. मला चेहऱ्यातलं कळतं.

ता. ९ जुलै

वरचा मजकूर लिहून पत्र टाकलं नव्हतं. काल माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर रुंद लेन्स चढवली, तो तिवईला खाली तोंड करून बांधला, आणि त्याच्याखाली जमिनीवर डोळे मिटून पडले. कॅमेरा हातभर वर. टायमरने फोटो घेतला, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. मग शेजारच्या वहिनींना दाखवला. वीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत आहे. त्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, ही कोण, तुमची थोरली बहीण का, कधी गेल्या.

फाइल उघड.

बघायचं कसं ते सांगते, नाहीतर तूही चुकशील. फोटो हातभर लांब धरू नकोस, मी तेव्हा तसाच धरला होता. एक डोळा मीट आणि फोटो दुसऱ्या डोळ्याच्या अर्ध्या वितीवर आण. इतक्या जवळचं दिसत नाही, म्हणून मध्ये भिंग धर. रुंद लेन्सने जवळून काढलेलं जवळूनच बघावं लागतं. मग चेहरा आपल्या जागी येतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तिथे उभी असताना मी फोटोग्राफर नव्हते, बायको होते.

तुझी मावशी

ता. १७ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न.

आज इकडच्या तिकडच्या गोष्टी नाहीत.

तू सांगितलंस तसं, भिंग धरून, एकेक फोटो पाहिला. एकापाशी मी थांबले. ते काका आहेत असं मला वाटतं. लांबून ते मुळीच तसे वाटत नाहीत, म्हणून मी तीनदा पाहिला. मदतनिसाला खोलीबाहेर पाठवून पुन्हा पाहिला. नोंदीत लिहिलंय की रस्त्याच्या कडेला सकाळी सापडले, अंगावर जखम नाही, खिसे रिकामे. कोणी आलं नाही म्हणून नियमाप्रमाणे पुढे त्यांचं दहन झालं. जागा मला माहीत आहे.

माझ्या ओळखण्याला कागदावर किंमत नाही. तिथे तुझंच हो लागतं. साहेबांना विचारून फोटोची प्रत काढली, ती या पत्राबरोबर वेगळ्या बंद पाकिटात ठेवली आहे. उघडायचं की तसंच ठेवायचं, ते तू ठरव. उघडलं नाहीस तरी मी कधी विषय काढणार नाही. आईलाही बोलले नाही.

मला तुझ्याजवळ असायला हवं होतं.

भिंगरी

ता. २३ जुलै

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट दोन दिवस टेबलावर होतं. मी त्याच्या अवतीभवती स्वयंपाक केला, जेवले, झोपले.

आज सकाळी खिडकीपाशी बसून उघडलं. आधी हात लांब करूनच धरला. मोठ्या नाकाचा, लहान कानांचा कुणी परका माणूस. हाच मी तेव्हा बघितला होता, आणि बिचाऱ्याच्या घरच्यांना देवाने धीर द्यावा असं मनात म्हणून पुढचा फोटो मागितला होता.

मग भिंग घेतलं, एक डोळा मिटला आणि फोटो जवळ आणत गेले. नाक हळूहळू मागे सरलं. कान पुढे आले. गाल भरले. अर्ध्या वितीवर आल्यावर ते होते. भिंगरी, एवढ्या अंतरावरून माणसाचा चेहरा आपण फक्त उशीवर बघतो. तिथून मी चुकणं शक्य नव्हतं.

कागदावर माझं हो लिहून घे. सही करायला मंगळवारी येते. मी फोटो बघत उभी होते तेव्हा ते भिंतीपलीकडे, आतच होते का, हे तारखा जुळवून तुला एव्हाना कळलं असेल. मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस.

जुन्या फाइली बघायला कुणी आलं तर त्याला बसायला खुर्ची दे, हातात भिंग दे, आणि घाई करू नकोस. साहेब भिंग मंजूर करणार नसतील तर माझं घेऊन येते.

आणि मंगळवारी सही झाली की मला बाहेरच्या फाटकापर्यंत सोडायला ये. तुमचा तो वऱ्हांडा फार लांब आहे. मागच्या वेळी मी एकटी चालत बाहेर आले होते, पण तेव्हा ते जिवंत होते.

लोभ असावा, आणि मंगळवारी हात धरावा.

तुझी मावशी