कुणाच्या हातचं

अण्णा,

आज सकाळपासून मी घरात नुसती फिरते आहे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत ओट्याशी. गोळ्यांनी असं होतं म्हणतात. भूक भलतीच लागते, झोप उडते, हात थरथरतात आणि एका जागी बसवत नाही. अक्षर वाकडं आलंय ते त्या थरथरीमुळे. तुम्ही असता तर आधी अक्षरावरच बोलला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या दुखण्यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. लातूरला शाळेत गणित शिकवत होते, शिकवता शिकवताच डायलिसिसला जाऊन येत होते. मग नंबर लागला आणि मोठ्या शहरातल्या दवाखान्यात माझ्या पोटात दुसऱ्या कुणाची तरी किडनी बसवली. कुणाची, ते सांगत नाहीत. कुणीतरी वारलं आणि त्याच्या घरच्यांनी त्या रडारडीत हो म्हटलं, एवढंच मला माहीत आहे. शरीरानं ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी आपली प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, आणि ती दाबली की साधा सर्दी-ताप जिवावर बेतू शकतो. म्हणून लातूरला परत आल्यावर काही महिने घराबाहेर पडायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही, बाहेर शिजलेलं काही तोंडात घालायचं नाही. सुरुवातीला धाकट्याची बायको नांदेडहून येऊन राहिली. खूप केलं तिनं. पण तिच्या लेकरांच्या शाळा सुरू झाल्या, ती गेली, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला जी लोखंडी जाळी आहे तिच्या आत मी एकटी उरले.

मग सामान दारात येऊ लागलं. आधी मी फोनवरून मागवत होते. इथं आता तशी सोय झाली आहे, अण्णा; फोनवर बोट लावलं की तासाभरात कुणीतरी पिशवी घेऊन येतं. पण मागवावी ज्वारी तर यायचा मैदा. टोमॅटो खालून पिचलेले. आणणारा जिन्याच्या पहिल्याच पायरीवर पिशवी टाकून निघून जायचा आणि मी वरून बघत उभी. खाली उतरायचं की नाही, उतरले आणि खालचे भाडेकरू त्याच वेळी बाहेर आले तर काय, असं करत अर्धा तास जायचा. शेवटी गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, तिथं फोन लावला. दुकान एक बाई चालवते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल, औशाकडची. पहिल्याच दिवशी स्कूटीवरून आली, वर चढली, जाळीच्या कडीला पिशवी अडकवली आणि चार पायऱ्या खाली जाऊन मोठ्यानं म्हणाली, "म्याडम, अडकवली बघा पिशवी. मी लांब हाय, या तुमी." मी तिला फक्त आजारी आहे एवढंच सांगितलं होतं. लांब उभं राहायचं तिनं आपलं आपण ठरवलं.

ती नेमकं आणायची. तांदूळ जुना, भाजी त्याच सकाळची. पण सांगितल्याहून जास्त काहीतरी पिशवीत असायचंच. आधी लिंबं, कोथिंबिरीची जुडी. ते सगळेच दुकानदार देतात म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा शेतातली कोवळी भेंडी. मग एकदा, "आमच्या सासूबाईंनी केलाय" म्हणून मेतकूट. दर वेळी मला ते आधी परत करावंसं वाटायचं. हे कसलं ते सांगायला दुसरं कुणी नाही, तुम्हालाच कळेल. ते तुमच्याकडूनच आलेलं आहे.

तुम्ही नायगाव तालुक्यात तलाठी होता तेव्हाचं घर आठवतं? दोन खोल्या, पुढे ओटा. सकाळी दार उघडलं की ओट्यावर कुणी ना कुणी काहीतरी ठेवून गेलेलं असे. कलिंगड, दुधाची किटली, हुरड्याची कणसं. आई दारातून ते बघे आणि काही न बोलता चुलीकडे वळे. तुम्ही आंघोळ करून बाहेर यायचात, कुणाचं आहे ते शोधून काढायचात आणि सायकलला बांधून परत नेऊन द्यायचात. एकदा हरभऱ्याचा डहाळा होता, मोठा भारा. तुम्ही आत होता तेवढ्यात मी खाली बसून हिरवे घाटे फोडून खाल्ले. तुम्ही मारलं नाहीत. मला सायकलच्या नळीवर बसवलं, भारा मागे बांधला आणि त्या म्हाताऱ्याच्या शेतात नेलं. "मूठभर माझ्या मुलीनं खाल्लाय, बाकीचा हा घ्या," म्हणालात. म्हातारा म्हणाला, "सायब, तुमच्यासाठी न्हाई ओ ते. लेकरासाठी हाय." तुम्ही म्हणालात, "लेकराला काय लागतं ते मी बघतो, मामा." आवाज अजिबात चढला नव्हता. म्हाताऱ्यानं भारा घेतला, आमच्याकडे न बघता गोठ्यापर्यंत गेला आणि बैलांपुढे टाकून दिला. परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात, की एकदा कुणाचं खाल्लं की त्याच्याकडे सरळ बघता येत नाही. ते मी आयुष्यभर पाळलं. शाळेत कुणाच्या डब्यातलं उचललं नाही, निकालानंतर पेढ्यांचे खोके परत पाठवले. लोक मला ताठ म्हणतात. म्हणोत, असं मला वाटायचं.

तर त्या दिवशी पिशवीत फडक्यात गुंडाळलेले धपाटे निघाले. अजून गरम. वास असा, अण्णा, की गोळ्यांच्या त्या भुकेनं माझं डोकं फिरायची वेळ आली. किती महिन्यांत दुसऱ्या कुणी माझ्यासाठी काही भाजलं नव्हतं. खायची तर सोय नव्हतीच. पण मला राग आला तो त्याचा नव्हता. राग आला तो तिनं मला न विचारता माझ्या दारात काही ठेवलं याचा. मी फडकं तसंच जाळीच्या बाहेरच्या कडीला अडकवलं आणि तिला फोन केला. म्हणाले, "धपाटे परत घेऊन जा. सांगितलंय तेवढंच आणत जा. मला असं कुणाच्या हातचं चालत नाही."

पलीकडून ती हळू म्हणाली, "आमच्या हातचं चालत न्हाई, असं म्हणा की."

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं. अण्णा, आपल्याकडे या शब्दांचा अर्थ काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या हातचं चालत नाही हे तिनं, तिच्या आईनं, तिच्या आजीनं किती दारांत उभं राहून ऐकलं असेल. मी लगेच उलटा फोन लावला. तिनं उचलला नाही. संध्याकाळी कुणीतरी येऊन ते फडकं घेऊन गेलं, मला जिन्यावर पावलं ऐकू आली. जाळीपर्यंत जाईपर्यंत कडी रिकामी.

नंतरचे दिवस वाईट गेले. ती फोन उचलेना. फोनवरून मागवलं ते पुन्हा तसंच भलतंसलतं आलं, पालकात तर चिखल आणि किडे, तो मी हातमोजे घालून फेकून दिला. भात आणि वरण, वरण आणि भात. भावजय नांदेडहून म्हणाली, "ताई, मी येऊ का?" तिच्या मागे मुलांचा खोकला ऐकू येत होता, मी नको म्हटलं. पण भाजीपेक्षा दुसरंच डोक्यात फिरत होतं. मी या खोलीतून त्या खोलीत जायची आणि मला तो म्हातारा दिसायचा, भारा घेऊन गोठ्याकडे चाललेला. तुम्ही परत केलं ते तुमच्या नोकरीसाठी, कुणाचा मिंधेपणा नको म्हणून. मला ते ठाऊक आहे. त्याला कोण सांगणार होतं? त्यानं काय ऐकलं असेल, अण्णा? इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यानं रागानं टाकला बैलांपुढे. आता वाटतं, तलाठ्यानं परत केलेलं घरात न्यायची त्याला लाज वाटली असेल. तुमच्या मनात हे कधी आलं होतं का? मी तुमच्याशी भांडत नाही. मला खरंच विचारायचं आहे, आणि उत्तर मिळणार नाही म्हणून मी अशी येरझाऱ्या घालते आहे.

आणि पोटात ही दुसऱ्याची किडनी. ओट्यावर ठेवलेलं तुम्ही सायकलला बांधून परत नेत होता. हे मी कुठे नेऊन देऊ? कोणत्या गावात, कोणत्या घरात? त्या घरानं मला न बघता दिलं, आणि मी ते घेऊन इथं उभी आहे आणि धपाट्यांवरून ताठा करते आहे.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही नांदेडला दवाखान्यात होता. शेजारच्या खाटेवर भोकरकडचा एक शेतकरी होता, त्याची बायको त्याच्या उशाशी बसलेली असे. एका दुपारी मी डबा घेऊन आले आणि दारातच थांबले. ती बाई तुमच्या खाटेवर टेकून भाकरी वरणात कुस्करत होती आणि तुम्ही तिच्या हातून खात होता. घास झाला की तुम्ही तोंड उघडत होता, लहान पोरासारखं. "अजून घ्या, दादा," ती म्हणत होती. मी दाराआड उभी राहिले. तुमचं झाल्यावर, तुम्ही तोंड पुसल्यावरच आत आले. डबा उघडला तर म्हणालात, "आज भूकच नाही बघ." मी बरं म्हणून डबा बंद केला. तुम्ही त्या बाईकडे मात्र सरळ बघत होता, आणि हसत होता. तेव्हा मला वाटलं, आजारानं तुम्ही थकलात. आता वाटतं तसं नव्हतं.

हे आठवलं त्या दिवशी मी किराणा दुकानवालीच्या शेजारी शिंपी आहे, त्याला फोन लावला आणि म्हणाले, तिच्या हातात फोन द्या. तिनं घेतला. मी सगळं भरभर सांगितलं. किडनीचं, गोळ्यांचं, माझी भावजय इथं होती तेव्हा तीसुद्धा माझ्या ताटाला हात लावायच्या आधी हात धुवून मास्क लावत होती हे, आणि डॉक्टरांनी बाहेरून शिजून आलेलं कुणाच्याच हातचं नको म्हटलंय हे. शेवटी म्हणाले, "मी बोलले ते चुकीचं बोलले. तुम्ही जे ऐकलंत ते माझ्या मनात नव्हतं. पण ऐकू तेच आलं, हे खरं आहे."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तुमी इतके दिवस खायलाव काय?"

"वरणभात."

"थांबा."

अर्ध्या तासात ती आली. पिशवी अडकवून खाली चार पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली, पण गेली नाही. मी जाळीच्या आत मास्क लावून उभी. तिनं विचारलं, "कुणाची हाय ती किडनी?"

"माहीत नाही. सांगत नाहीत."

"बाईची का माणसाची?"

"तेही नाही."

ती पायरीवर बसली. "म्हंजी ज्यानं दिली त्यालाबी ठावं न्हाई कुणाला गेली. तुमी कोण, कुठल्या, काई इचारलं न्हाई," ती म्हणाली, स्वतःशीच म्हणाल्यासारखी. मग माझ्याकडे बघून, "मला लई लागलं होतं, म्याडम. चार दिवस मी घरात कुणाला बोलले न्हाई."

"मला कळलं," मी म्हणाले.

पिशवीत ज्वारीचं ताजं पीठ होतं, बेसन, मेथी, तीळ. धपाट्यांचं सगळं, न शिजवलेलं. मी तिला थांबायला सांगितलं. मेथी मिठाच्या पाण्यातून काढली, चार वेळा धुतली, पीठ मळलं. थरथरत्या हातांनी धपाटे गोल काही आले नाहीत. तवा तापेपर्यंत ती तिथं बसून कुणाचं घर, कुणाचं लग्न असं काहीबाही बोलत राहिली, आणि मी आतून हो हो करत राहिले. पहिला धपाटा ताटलीत घालून जाळीच्या खालच्या फटीतून बाहेर सरकवला आणि मागे झाले. तिनं तो उचलून तिथंच पायरीवर खाल्ला. सगळा खाल्ला. मग म्हणाली, "मीठच न्हाई की ह्यात."

"मला मीठ कमी सांगितलंय."

"मग मला तरी टाकायचं व्हतं."

मी हसले. किती दिवसांनी, ते आठवत नाही. हसताना टाक्यांपाशी ओढ बसते अजून.

ही गोष्ट पावसाळ्यातली. तेव्हापासून ती आली की जरा वेळ पायरीवर टेकते. मी आतून ताटली सरकवते, तिच्यापुरतं मीठ वेगळं घालून. ती जास्तीचं आणते ते मी ठेवून घेते. अजून जड जातं, अण्णा, नाही असं नाही; लिंबं बघितली तरी हात आधी परत करायला उचलतो. मग मी ती धुऊन टोपलीत टाकते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता मास्क लावून, गर्दी नसेल तेव्हा बाजारात जायला काही हरकत नाही. दोन आठवडे होऊन गेले. तिचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे, चालत गेलं तर पाच मिनिटंही लागणार नाहीत. मी अजून फोनच करते, आणि तिला हे सांगितलेलं नाही.