न धुतलेलं नाणं

इप्सविच, ५ मार्च

ती. मॉरिसकाका,
सा. न. वि. वि.

तुमची गोळ्यांची डबी पोचली. काकूंच्या गोळ्यांऐवजी आत चांदीचा अर्धा पेनी! हेन्री तिसऱ्याच्या काळचा, सुट्ट्या पैशांसाठी मागच्या क्रॉसच्या रेघेवरून मधोमध कापलेला. राजाचा एकच डोळा उरलाय. मागे ‘रँडुल’ एवढंच वाचता येतं, पण तेवढं पुरलं. नाणं पाडणारा रँडुल्फ, टाकसाळ बरी सेंट एडमंड्स या गावची.

तुमची अशी अर्धी नाणी आता अकरा झाली. एवढी चिल्लर सांडते ती जत्रेतच. आमच्या संग्रहालयाच्या अंकातला माझा पहिला लेख सोमवारी छापायला जातोय. जुनी जत्रा तुम्ही सांगितलेल्या हीथच्या माळावर भरायची, असं त्यात लिहितेय. काही सांगायचं राहिलं असेल तर आधी कळवा.

तुमची लाडकी,
हेदर

विकस्टन, ७ मार्च

चि. हेदर,
अनेक आशीर्वाद.

पोरी, कमाल केलीस! अर्ध्या नावावरून माणूस आणि गाव दोन्ही काढलंस. मला भिंगातून ती नुसती काटेरी तार दिसली होती. तुझं पत्र मी क्लबात दोनदा वाचून दाखवलं. काकू म्हणते, एवढं कौतुक तिच्या ॲपल-पायचं चाळीस वर्षांत झालं नाही.

आता पोटातलं सांगतो. नाणी माळावरची नाहीत. ती विकस्टनची, बॅरेटच्या ओढ्याकाठच्या शेतातली. धातुशोधक यंत्र घेऊन शेतं धुंडाळणारे आम्ही एक वेळ बायकोला पगार सांगू, पण शेत सांगणार नाही. क्लबातल्या गॉर्डनला पत्ता लागला, तर तो दुसऱ्याच दिवशी केक घेऊन शेत धुंडाळायची परवानगी मागायला बॅरेटच्या दारात उभा राहील. या भीतीने तुझ्याशीही खोटं बोललो. माझ्यामुळे तुझा पहिलाच लेख चुकला, तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. रागाव, पण ते वाक्य खोड.

तुझा,
मॉरिसकाका

इप्सविच, ९ मार्च

ती. काका,
सा. न. वि. वि.

खोडायला काही नाही. माळाचं तुम्हाला नुसतं लिहिलं होतं; लेखात ती जागा मी कोरीच ठेवली होती, तुमच्या पत्रासाठी. माळावर सगळी वाळू, आणि तुमच्या अकराही नाण्यांच्या कडेला पिवळी चिकणमाती, त्यात खडूचे कण. पहिल्या नाण्यापासूनच मला शंका होती.

आठ वर्षांची असताना मी एक नाणं नळाखाली धरलं होतं. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, आधी मातीला विचार, मग नाण्याला. शेत लपवायचं होतं तर नाणी धुवायची होती, काका. पण ते तुमच्या हातून झालं नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

गॉर्डनची काळजी नको. लेखात फक्त विकस्टन येईल, शेताची नोंद संग्रहालयाच्या कपाटात कुलपात राहील. खाली नाणी शोधणारे म्हणून तुमचं नाव घातलंय.

लोभ असू द्या, आणि पुढचं नाणंही मातीसकटच पाठवा.

तुमची,
हेदर