काचेच्या टाकीतली तंटामुक्ती

१ मे २०२५, गुरुवार. सकाळी ७.

निकिताला पत्र टाकलं. नक्कल इथे उतरवतो.

चि. निकिता, तुझी सर्दी गेली का? नाक बाहीला पुसत नाहीस ना? आईची अ‍ॅसिडिटी कशी आहे? मामाच्या पायाचं प्लास्टर निघालं का? तिकडच्या आजीचे गुडघे काय म्हणतात? इकडे तुझ्या आजीची पाठ धरली आहे, तोंड मात्र मोकळं आहे. पप्पांची तब्येत झकास, फक्त जेवत नाहीत आणि बोलत नाहीत. माझं बीपी नॉर्मल. (मशीनचा सेल गेलाय, पण मला आतून कळतं.) तुझी परी ठणठणीत. टाकीत एकटी फिरते आणि दाराकडे बघते. तू येईपर्यंत तिच्या अंगाला ओरखडा येणार नाही, हा आबाचा शब्द.

परी म्हणजे नातीचा एंजल मासा. रुपेरी, पंख ओढणीसारखे लांब. निकिता आईबरोबर मामाच्या गावी, अकोले तालुक्यात निघाली तेव्हा एसटीच्या पायरीवरून म्हणाली, आबा, परी नीट असली तरच मी परत येणार. आणि पोरगी आली तर सून येणार. म्हणजे अख्खं घर एका माशाच्या पंखावर टांगलेलं आहे. जबाबदारी योग्य माणसाकडे आली, एवढंच समाधान.

२ मे, शुक्रवार.

सूनबाई मोनिका का गेली, यावर हिचं आणि माझं एकमत नाही.

झालं असं. आमचा मुलगा प्रशांत फॅक्टरीतून शिफ्ट करून आला, भाजीत मीठ जास्त होतं, त्याने ताट भिंतीवर मारलं. मोनिकाने तांब्या मारला. प्रशांतच्या कपाळाला टेंगूळ. नेहमीच्या घरात हे दहा मिनिटांत संपलं असतं. पण या घरात तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष राहतो. दोघांना सतरंजीवर समोरासमोर बसवलं. लग्नापासूनचं एकेक मनातलं काढा म्हणालो, आणि मुद्दे लिहून घेतले. एकूण एकेचाळीस. सव्विसाव्या मुद्द्याला दुसरा तांब्या गेला. सकाळी मोनिका बॅग भरून गेली.

माझ्या मते बैठक यशस्वी. मुद्दे खुले झाले. हिचं म्हणणं, मीठ जास्त झालं हुतं, एवढंच हुतं, बाकीचं चाळीस तुमी उकरलं.

अडाणी आहे. पण मनाने चांगली.

३ मे, शनिवार.

आज काष्टीचा बाजार सोडला आणि श्रीगोंद्याला गेलो. परीला सोबत पाहिजे. एकटेपणाने मासा झुरतो, हे मी मोबाईलवर वाचलं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, पण वाचन सुटलं नाही.

गोरक्षचं माशांचं दुकान. म्हणाला, आबा, वेगवेगळ्या जातीचे मासे एकत्र नांदतात त्या टाकीला कम्युनिटी टँक म्हणतात. ऐकून अंगावर काटा आला. एवढी वर्षं गावात मी दुसरं काय करत होतो?

मी म्हणालो, बार्ब जातीचे मासे दाखव, शांत स्वभावाचे. त्याने चेरी बार्ब दाखवले. तांबूस, गरीब, पानाआड लपणारे. मग गोल्डन बार्ब. पिवळे, आपल्या नादात. म्हणाला, हे न्या, एंजलला बोटबी लावणार न्हाईत.

पण शेजारच्या टाकीत पिवळ्या अंगावर काळे पट्टे, कडक बाण्याचे. टायगर बार्ब. मी तिथेच ठरवलं. शांत माणसांत शांतता कुणीही ठेवतो. त्यात अध्यक्षाचं काय कौशल्य?

गोरक्षने हात जोडले. एंजलसंगं टायगर नका आबा, शेपट्या तोडतंय ते. आन् न्यायचेच तर धा-बारा न्या, आपसांत मारामाऱ्या करून थकत्यात. दोन-तीन ठेवले तर दुसऱ्याच्या जिवावर उठत्यात.

धंद्याची भाषा. तीनच्या जागी बारा खपवायचे. मी त्याला समजावलं की आमच्या अनुभवात जमाव मोठा तर भांडण मोठं. जमाव फोडायचा, हा पहिला नियम.

तीन घेतले.

४ मे, रविवार. दुपारी.

तिघांना एक, दोन, तीन असे नंबर देऊन टाकीत सोडलं. संपूर्ण शांतता. घड्याळ लावून पाहिलं, पंचवीस मिनिटं.

मग एक नंबर परीच्या मागे गेला आणि तिच्या खालच्या पंखाला तोंड लावलं. ओळख काढतोय.

संध्याकाळी. दोन आणि तीन नंबरनेही ओळख काढली. परी कोपऱ्यात, पंपाच्या मागे. नवीन सून पहिल्या दिवशी अशीच बसते.

५ मे, सोमवार.

परीच्या शेपटीची चिंधी झाली आहे. पाण्यात दोरे तरंगत होते, मला वाटलं शेवाळ. हिने चाळणीने काढले, हातावर घेतले आणि माझ्यासमोर धरले.

चौकशी केली. खुर्ची टाकून दोन तास टाकीसमोर बसलो. पहिला हल्ला एक नंबर करतो, बाकीचे बघून करतात. म्होरक्या सापडला. त्याला पंधरा दिवस तडीपार केलं, म्हणजे लोणच्याच्या मोकळ्या बरणीत टाकून बरणी देवळीत ठेवली. बरणी धुतली होती. तरी वास येतो म्हणतात.

प्रश्न मिटला.

६ मे, मंगळवार.

मिटला नाही. म्होरक्या गेल्यावर उरलेल्या दोघांत म्होरकेपणासाठी जुंपली आहे. दिवसभर एकमेकांवर डोकी आपटतात, खवले उडतात, आणि दम लागला की दोघं मिळून परीला मारतात.

ही म्हणाली, गोरक्ष काय म्हणला हुता? मी म्हणालो, दुकानदाराचं मनावर घ्यायचं नसतं. ती म्हणाली, मंग परीला माझ्या दुधाच्या किटलीत ठिवते. मी स्पष्ट नकार दिला. पीडिताने घर सोडायचं आणि गुंडाने राहायचं, हा न्याय नव्हे.

पाण्यात हळद टाकली. जखमेला चांगली.

७ मे, बुधवार.

हळदीमुळे काही दिसत नाही. शांतता असावी.

७ मे. दुपारी ३.

पाणी बदललं. तीन नंबर तळाला मेलेला. एक डोळा जाग्यावर नाही, पोट फाडलेलं. दोन नंबर वर फिरतोय, जणू सरपंच निवडून आला.

मृत्यू आपसांतल्या वादातून. समितीचा संबंध नाही.

८ मे, गुरुवार.

निकिताचा फोन. आबा, परीला व्हिडिओत दाखवा ना. माझं डोकं चाललं. हिच्या मोबाईलमध्ये परीचा मार्चमधला फोटो होता. तो मोबाईल माझ्या मोबाईलसमोर धरला. पोरगी म्हणाली, हलत का नाहीये? मी म्हणालो, झोपली आहे. म्हणाली, डोळे उघडे आहेत. मी म्हणालो, मासे तसेच झोपतात. हे खरं आहे, त्यामुळे बाकीचं खोटं धरता येणार नाही.

मग मोनिका फोनवर आली. किती दिवसांनी आवाज ऐकला. म्हणाली, आबा, रविवारी येतोय. पोरीला परी बघायचीय. राहायचं का न्हाई, ते तिथं आल्यावर ठरवू. फक्त एक करा, बैठक लावू नका.

मी म्हणालो, अजिबात नाही. छोटीशी लावीन.

फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

९ मे, शुक्रवार.

दोन दिवस उरले. परीचे वरचे-खालचे पंख गेले, नुसती चपटी टिकली राहिली आहे. तिरकी पोहते. तरी जिवंत आहे, बाई चिवट.

शेवटचा आणि खात्रीचा उपाय. टाकीच्या मधोमध खिडकीची जुनी काच उभी केली. एका बाजूला परी, एका बाजूला दोन नंबर. रात्रभर दोघांनी एकमेकांना नीट बघावं, राग निवावा, आणि उद्या सकाळी काच काढून समोरासमोर बैठक. गावातले मोठमोठे तंटे मी असेच मिटवले.

ही म्हणाली, ती काच तशीच राहू द्या की.

अर्ध्यावर थांबणाऱ्यातला मी नाही.

१० मे, शनिवार.

घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी आठला काच उचलली. दोन नंबर बंदुकीतून सुटल्यासारखा गेला. परीला कोपऱ्यात दाबलं आणि लचके. मी काचेवर टकटक केलं. लचके. मी मोठ्याने म्हणालो, बस. लचके. पाण्यात तांबडा धूर. माझ्या डोळ्यांपुढे पोरगी उभी राहिली, एसटीच्या पायरीवरची. हाताला आमटी वाढायचा पितळी डाव लागला. मी डाव हाणला, माशाला म्हणून. लागला काचेला.

टाकी फुटली. सगळं पाणी, वाळू, काचा घरभर. दोन नंबर फरशीवर तडफडत होता. मी त्याला चपलेने ठेचला. एकदा नाही. मेल्यानंतरही.

ही पाण्यात बसून पदराने परीला उचलत होती. तळव्यात काच शिरली, तरी आधी मासा किटलीत टाकला आणि मग पायाकडे बघितलं.

प्रशांत शिफ्टवरून आला. दारातच थांबला. म्हणाला, आबा, ती काच कशाला काढली? लांब हुती, जगली असती. मोनिकाचं आन् माझंबी असंच केलं तुमी.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. अडतीस वर्षांच्या मुलाच्या. त्याने हात उगारला नाही, गालाला लावलासुद्धा नाही. आईचा पाय धुतला, काच काढली, पट्टी बांधली आणि परत फॅक्टरीत गेला. डबल शिफ्ट आहे म्हणाला.

संध्याकाळी हिने अकोल्याला फोन लावला. मला ऐकू येईल इतक्या जोरात म्हणाली, तुमी येऊ नका, मीच परीला घिऊन येते.

११ मे, रविवार. सकाळी ९.

ही पहिल्या एसटीने गेली. एका पायाने लंगडत, मांडीवर किटली, झाकणाला भोकं पाडलेली. मी पिशवी उचलायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, पाणी हिंदकळंल.

दारावरची पाटी काढली. कोंडीराम, अध्यक्ष, तंटामुक्ती समिती. आता लिहायला हरकत नाही, समितीची नवी निवड होऊन सहा वर्षं झाली. मला कुणी कळवलं नव्हतं. म्हणजे कळवलं होतं.

आज घरात एकही भांडण झालं नाही. नोंद करून ठेवतो.

पत्राची नक्कल.

चि. निकिता, तुझी सर्दी, आईची अ‍ॅसिडिटी, मामाचा पाय, आजीचे गुडघे, सगळं बरं असेल. तुझी इकडची आजी तिकडे येते आहे, तिच्या पायाला जखम आहे, तिला चालू देऊ नकोस. किटलीत परी आहे. ती ओळखू येणार नाही. ते मी केलं. माशांनी केलं असं मी लिहिणार होतो, दोन कागद त्यात फाडले. मोबाईलवर दाखवला तो फोटो होता. गोरक्ष म्हणतो, पंख परत येतात, पाणी स्वच्छ आणि मासा एकटा ठेवला तर. तिला एकटीला राहू दे.

आईला सांग, चाळीस मुद्दे मी चुलीत घातले. एक ठेवला आहे, मिठाचा. तो तिचा आणि पप्पांचा आहे, त्यांनी बघावं. मी ऐकणारसुद्धा नाही, गोठ्यात जाऊन बसेन.

पप्पांची तब्येत विचारलीस तर, मला माहीत नाही, ते अजून फॅक्टरीतून आले नाहीत. विचारायची हिंमत झाली नाही.

इकडे आता आम्ही दोघंच. मी आणि देवळीतल्या बरणीतला एक नंबर. तडीपारीची मुदत वीस तारखेला संपते, पण परत जायला टाकी उरली नाही. सकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. बरणीत तो कुणाला चावत नाही, दाराकडे तोंड करून नुसता थांबतो. चांगला सुधारला आहे. मीही.

परी जगली की लगेच कळव. नाही जगली तरी कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील, पण उत्तर लवकर टाक, पोस्टमन आमच्या आळीत अकराला येतो.